मघेच्या उजेडात लपलेली दीर्घिका

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्रात रात्रीची जेवणं आटोपून अंगणात आलात, की सिंह रास वर आलेली असते. तिच्यातला विळा शोधा. विळ्याच्या मुठीशी जो ठळक निळसर-पांढरा तारा दिसतो, ती मघा. मघा आपल्याला पंचांगातून तरी ठाऊक असते. तिच्या शेजारणीचं नाव मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं. मघेपासून पूर्णचंद्राच्या निम्म्या रुंदीहूनही कमी अंतरावर एक अख्खी दीर्घिका आहे. तिला ‘लिओ वन’ म्हणतात. शेजारीण आपली म्हणायची. मघा ७९ प्रकाशवर्षांवर, तर ही सुमारे आठ लाख!

दुर्बीण आकाशाकडे वळून साडेतीनशे वर्षं होत आली, तरी ती कुणाला गवसली नव्हती. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांच्या काचा तपासताना हॅरिंग्टन आणि विल्सन यांना ती सापडली.

ही खुजी लंबवर्तुळाकार दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखे सर्पिल बाहू नाहीत, चकती नाही. लांबट अंड्यासारखा ताऱ्यांचा विरळ पुंजका, बस्स. नवे तारे घडायला लागतो तो वायू जवळजवळ संपलेला, त्यामुळे तिथं आता पाळणा हलत नाही. सगळ्या ताऱ्यांचा मिळून उजेड पन्नासएक लाख सूर्यांएवढा. ऐकायला तो बराच वाटतो, पण दोन-अडीच हजार प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात विखुरलाय. पणतीचा उजेड एका कोनाड्यात असला तर दिसतो. तोच अख्ख्या माळावर पसरला तर काय दिसणार? त्यात शेजारी मघेची गॅसबत्ती.

म्हणून ही दीर्घिका पाहायची तर मघेला दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्राबाहेर ढकलायचं. आठ-दहा इंची दुर्बीण हवी, गावाच्या दिव्यांपासून लांब काळोख हवा, आणि नजर थोडी तिरकी. थेट रोखून पाहिलंत तर विरून जाते, बाजूला पाहिलंत तर येते. तीही धुकट डाग म्हणूनच. पहिल्यांदा मला वाटलं, भिंगावर वाफ धरलीय. दोनदा पुसून झालं, मग ट्यूब ओळखीच्या ताऱ्यांवर पुन्हा लावली. डाग जागचा हलला नव्हता.

तेवढ्या डागातला उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता.

आणि हो, बेत अमावास्येच्या आसपासचाच करा. माघी पौर्णिमेला चंद्र स्वतःच मघेपाशी येऊन बसतो. त्या रात्री लिओ वनचं नाव काढू नका.