रॉकी की अली?

(दृश्य: रिकामी रिंग, वर एकच दिवा)

1969 सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या मायामीत एका बंद स्टुडिओत रिंग उभारली आहे. प्रेक्षक नाहीत. एका कोपऱ्यात 27 वर्षांचा मुष्टियोद्धा मुहम्मद अली. समोर 45 वर्षांचा, हेवीवेट म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटाचा माजी जगज्जेता रॉकी मार्सियानो. त्याला निवृत्त होऊन 13 वर्षं झालीत. या चित्रीकरणासाठी त्यानं घाम गाळून वीसेक किलो वजन उतरवलंय, आणि टक्कल दिसू नये म्हणून डोक्यावर केसांचा टोप चढवलाय.

रॉकी 49 लढती लढला आणि 49 जिंकल्या. अलीही तोवर एकदाही हरलेला नव्हता. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून त्याचा जगज्जेतेपदाचा किताब आणि लढण्याचा परवाना दोन्ही काढून घेतले होते. या दोघांत श्रेष्ठ कोण? मरी वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्यानं ते संगणकाला विचारायचं ठरवलं. दोघांच्या कारकिर्दीची माहिती यंत्रात भरली. इकडे स्टुडिओत दोघं डोक्यावरचे ठोसे आवरून एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या खेळले. शेवटही वेगवेगळे चित्रित झाले. त्यातला खरा कोणता, हे दोघांनाही सांगितलं नव्हतं.

मुष्टियुद्धावर जीव असणारी चार माणसं जमली की आजही हाच वाद रंगतो. मलाही तो आवडतो. पण यंत्रात भरलेल्या आकड्यांमध्ये काय नव्हतं, ते आधी पाहू या.

अंगापिंडापासून सुरुवात करू. रॉकी पाच फूट दहा इंचांचा, वजन साधारण 85 किलो. आजच्या नियमांत तो हेवीवेटमध्ये बसलाच नसता, एक गट खाली क्रूझरवेटमध्ये गेला असता. 2020 मध्ये डिऑन्टे वाइल्डरला हरवून हेवीवेट जगज्जेता झालेला टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंचांचा आणि जवळपास 124 किलोंचा होता. आता कुणी म्हणेल, ओलेक्सांडर उसिकनं 2024 मध्ये रियाधला याच फ्युरीला हरवलं, आणि तोही फ्युरीपेक्षा बराच हलका होता. खरं आहे. पण उसिक सहा फूट तीन इंच उंच आहे. रॉकीच्या उजव्या हातात विलक्षण ताकद होती, पण तो हात फ्युरीच्या हनुवटीपर्यंत पोहोचणार कसा? रॉकीवर माझं प्रेम आहे, तरी मी पैज फ्युरीवरच लावेन.

(दृश्य: डेट्रॉइट, कृष्णधवल छायाचित्रं)

खालच्या वजनांत मात्र माझं मत फिरतं. 1943 चा फेब्रुवारी महिना बघा. पाच तारखेला डेट्रॉइटमध्ये शुगर रे रॉबिन्सन व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा हरला. हरवणारा जेक लामोटा त्याच्याहून सुमारे सात किलोंनी जड. आठव्या फेरीत तर लामोटानं त्याला दोरांमधून रिंगबाहेर पाठवलं होतं. एकोणीस तारखेला रॉबिन्सन न्यूयॉर्कमध्ये जॅकी विल्सनशी लढला आणि जिंकला. सव्वीस तारखेला पुन्हा डेट्रॉइट, पुन्हा लामोटा, आणि या खेपेला जीत रॉबिन्सनची. दुसऱ्या दिवशी तो सैन्यात हजर झाला. तीन आठवड्यांत तीन लढती! आपल्या काळातल्या फ्लॉइड मेवेदरच्या 50 लढतींना 21 वर्षं लागली. मेवेदर कमी प्रतीचा मुळीच नव्हता. फक्त रॉबिन्सनसारख्यांची शाळा रिंगमध्येच भरायची, आणि ती रोज भरायची.

रॉबिन्सनच्या गटाची, म्हणजे वेल्टरवेटची, मर्यादा तेव्हाही 147 पाउंड (सुमारे 67 किलो) होती, आजही 147 आहे. मग निदान इथे तरी तुलना सरळ व्हावी ना? पण तेव्हा वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं. खेळाडू अंगातलं पाणी आटवून काट्यावर उभा राहतो, मग रात्रभर खाऊनपिऊन अंग भरून काढतो. काटा 147 दाखवतो, पण रिंगमध्ये उतरतो तो वेगळाच गडी.

फेऱ्याही बदलल्या. नोव्हेंबर 1982 मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत दक्षिण कोरियाचा किम डुक-कू कोसळला. काही दिवसांनी तो गेला. त्यानंतर जागतिक किताबाच्या लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आल्या. हा बदल झाला ते चांगलंच झालं. पण शेवटच्या तीन फेऱ्यांसाठी दम राखून ठेवणं ही जुन्यांची विद्या होती, आणि तिला आता जागा उरली नाही.

काही लढती तर झाल्याच नाहीत. जॅक डेम्प्सी 1919 ते 1926 जगज्जेता होता. त्या काळात कृष्णवर्णीय हॅरी विल्स आव्हान देत राहिला आणि त्याला संधी मिळाली नाही. मग डेम्प्सीच्या नावापुढचे आकडे पुरे कसे मानायचे? आणि हॅरी ग्रेब? डेम्प्सीचा किताब हिरावणाऱ्या जीन टनीला व्यावसायिक लढतीत हरवणारा एकमेव माणूस. एका डोळ्यानं दिसत नसतानाही लढत राहिला. सरावाची थोडी फिल्म आहे, पण त्याच्या एकाही लढतीचं चित्रण आज हाती नाही.

(दृश्य: चित्रपटगृहाबाहेर रांग)

20 जानेवारी 1970. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत अली आणि रॉकीची ती स्टुडिओतली लढत दाखवली गेली. तेराव्या फेरीत अली आडवा. संगणकाचा कौल रॉकीच्या बाजूनं.

रॉकी ते पाहायला नव्हता. चित्रीकरण संपल्यावर काही आठवड्यांतच, 31 ऑगस्टला, आयोवात त्याचं छोटं विमान कोसळलं. दुसऱ्या दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता.