वाढीव वॉरंटी नेमकी कोणत्या वर्षांची?

टीव्ही चालू होत नाही, नुसता लाल दिवा लुकलुकतो. मागचं झाकण उघडलं, की पॉवर सप्लायच्या बोर्डावर लहान लहान नळकांडी उभी दिसतात. ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो, गेलेल्याचा फुगलेला. कधी त्यावरच्या चिरेतून तपकिरी द्राव पाझरून वाळलेला असतो. एवढ्याशा भागापायी अख्खा टीव्ही भंगारात जातो, आणि हे मला फार लागतं. कारण तो भाग किती टिकणार, हे आधीच ठरवता येतं.

समजा, कपॅसिटरचं आयुष्य १०५ अंश सेल्सिअसला २००० तास दिलेलं आहे. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ८५ अंशांना ८००० तास, ६५ अंशांना ३२,००० तास. दिवसाला आठ तास वापर धरला तर पहिला हिशेब तीन वर्षांच्या आतला आणि दुसरा जवळजवळ अकरा वर्षांचा. भाग तोच! तो तापणाऱ्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) चिकटून बसवायचा की चार बोटं लांब, एवढाच फरक. हा निर्णय बोर्डाचा आराखडा काढतानाच होतो, ग्राहकाला तो कुणी सांगत नाही.

आता वॉरंटीकडे येऊ. कारखान्यातला दोष बहुधा सुरुवातीच्या काही महिन्यांत उघडा पडतो, आणि तेव्हा कंपनीची मूळ वॉरंटी चालू असते. मग काही वर्षं बिघाडाचं प्रमाण सगळ्यात कमी राहतं. झीज सुरू झाली की ते पुन्हा चढतं. जादा पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा नेमकी या मधल्या, शांत वर्षांची असते. शिवाय जे हमखास झिजतं, ते अटींमध्ये अनेकदा वगळलेलं असतं. फोनची लिथियम-आयन बॅटरीच घ्या. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उतरू शकते. ही ‘नैसर्गिक झीज’, म्हणून भरपाई नाही. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल तर ती बदलणंही जिकिरीचं.

हे बदलता येतं, याचा दाखला आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनच्या बॅटरीत ८०० चार्जनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. मला हा रस्ता वॉरंटीच्या कोणत्याही कागदापेक्षा खरा वाटतो.

आता तुमच्यापैकी काहींनी विचारलं, की मग वाढीव वॉरंटी कधीच घेऊ नये का? एखाद्या दुरुस्तीचा खर्च अचानक अंगावर आला तर घर कोलमडेल, अशी परिस्थिती असेल तर जरूर घ्या. वस्तू पडून फुटणं आणि पाणी शिरणं यांपासूनचं संरक्षण हा वेगळा विमा आहे, त्याचा विचार स्वतंत्रपणे करा. बाकी वेळी तेच पैसे बाजूला ठेवा आणि विकत घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: बॅटरी सुटी मिळते का, झाकण स्क्रूने उघडतं का, आणि पाच वर्षांनी बोर्ड मिळेल का?