दालचिनी, तज, तमालपत्र, चक्के: जाड सालीला 'नकली' का म्हणायचं नाही

नमस्कार मंडळी, सांगलीहून तुमची ताई.

चटणीच्या मसाल्याचा व्हिडिओ टाकला, त्याखाली मिरचीबद्दल विचारणारे थोडे आणि दालचिनीबद्दल भांडणारे जास्त. 'ताई, तुमची दालचिनी नकली आहे.' 'ताई, ही तज आहे, दालचिनी नव्हे.' आणि एका ताईंनी विचारलंय, 'दालचिनीचा डाळीशी काही संबंध आहे का?' हा प्रश्न मला मनापासून आवडला. तिथूनच सुरू करू.

दालचिनी म्हणजे झाडाची आतली साल. सोलतात, वाळवतात, वाळताना ती आपोआप गुंडाळली जाते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पुढे जाऊ.

आता शब्द. यातला 'दाल' डाळीचा नाही आणि 'चिनी' साखरेची नाही. मूळ फारसी शब्द दारचीनी. दार म्हणजे झाड किंवा लाकूड, चीनी म्हणजे चीनचं. चीनकडचं लाकूड! आपल्या तोंडी 'र'चा 'ल' झाला, इतकंच. आणि हा 'दार' आपल्याला परका नाही. संस्कृतातला दारु, ऱ्हस्व रु बरं का, त्याचाच हा भाऊ. देवदार म्हणजे देवाचं लाकूड. काष्ठौषधीच्या दुकानात दारुहळद मिळते, तिच्यातही तोच दारु आहे. आपण सांगलीकर हळदीत वाढलेले, म्हणून मुद्दाम सांगते: दारुहळद ही हळद नव्हे. काटेरी झुडपाचं ते पिवळं लाकूड असतं.

चोपचिनी ऐकली असेल. पालखीत चांदीची काठी घेऊन चालणारे चोपदार लोणंदला, फलटणला पाहिले असतील. चोपदारातला चोप म्हणजे फारसी चोब, काठी, लाकूड. म्हणजे चोपचिनी म्हणजेही 'चिनी लाकूड'च! दोन शब्दांचा अर्थ अगदी एक, पण एक स्वयंपाकातली साल आणि दुसरं औषधी मूळ. कबाबचिनी तिसरीच, ते कंकोळ, मिरीच्या जातीतलं. रेवाचिनी अजून वेगळी. तेव्हा दुकानात नुसतं 'चिनी द्या' म्हणू नका, पूर्ण नाव घ्या.

आता ज्यासाठी बसले त्या मुद्द्यावर येते. (दोन्ही साली कॅमेऱ्याजवळ धरते.) डावीकडची पातळ, कागदासारखी, एकात एक गुंडाळलेल्या सुरळ्या. बोटांनी चुरडली जाते, रंग फिका, चव गोडसर. ही श्रीलंकेची जात. आपल्या कोकणातही नारळी-पोफळीच्या बागांत ती लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही त्यातलीच. उजवीकडची जाड, एकाच पदराची, लाकडासारखी कडक, लालसर, झणझणीत. ही चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून येते. गणपती पेठेत नुसतं 'दालचिनी द्या' म्हटलं की बहुतेक वेळा हीच मिळते.

हिलाच तज म्हणतात, हिलाच लोक नकली म्हणतात, आणि मला याचाच राग येतो. नकली म्हणजे काय? विटेची भुकटी घातलेलं तिखट नकली. ही जाड साल त्याच कुळातल्या, सिनॅमोमम वंशातल्या खऱ्या झाडाची खरी साल आहे.

शब्दाकडून बघा. 'चिनी लाकूड' हे नाव कुणाला शोभतं? चीनहून येणाऱ्या जाड सालीलाच ना! आणि तज हा शब्द संस्कृत त्वच् वरून आला, त्याचा अर्थ नुसता 'साल'. गुजराती बायका रोजच्या दालचिनीलाच तज म्हणतात. आयुर्वेदात त्रिजात, म्हणजे तीन सुगंधी द्रव्यांचा गट, सांगितलाय, त्यात दालचिनीला त्वक् म्हटलंय. तेही सालच. म्हणजे नावाच्या जोरावर कुणी कुणाला खोटं ठरवू शकत नाही.

कायद्याकडून बघा. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत दालचिनी आणि तज यांचे वेगवेगळे निकष दिलेत. पातळ ती दालचिनी, जाड ती तज. दोन्ही रीतसर मसाले म्हणून नोंदलेले. जाड साल विकणं ही फसवणूक नाही, जाड सालीवर पातळ सालीचं नाव लावून विकणं ही फसवणूक. मी स्वतः एका दुकानातून 'सिलोन', म्हणजे श्रीलंकेची पातळ साल, असं लिहिलेलं पाकीट दुप्पट पैसे देऊन आणलं, घरी फोडलं तर आत जाड साल. माझा राग त्या लेबलवर आहे, सालीवर नाही.

आणि चुलीकडून बघा. चटणीचा मसाला आपण तेलात खमंग भाजतो, मग डंकावर कुटून आणतो, वर कांदा, लसूण, खोबरं. एवढ्या गर्दीत पातळ सालीचा नाजूक वास हरवतो. जाड सालीचा टिकतो. मटणाच्या रश्श्यातही तेच. मी चटणीला जाडच घालते आणि या वर्षीही घालणार. खिरीत, चहात मात्र पातळ.

मग फरक कुठे महत्त्वाचा? हल्ली रोज सकाळी कोमट पाण्यात चमचाभर दालचिनी पावडर घ्यायचं जे सुरू झालंय ना, तिथे. जाड सालीत कुमारिन नावाचं द्रव्य असतं, ते रोज जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं रोजची मर्यादा शरीराच्या एका किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. जाड सालीच्या एक ग्रॅम पुडीत ३ मिलिग्रॅमच्या आसपास असू शकतं. दोन ग्रॅममध्ये मर्यादा गाठली, आणि चमचा तर त्याहून मोठा! पातळ सालीत ते जेमतेम असतं. एकदा पूड झाली की नजरेला दोन्ही सारख्या, म्हणून अख्खी घ्या आणि घरी कुटा. यकृताचा त्रास असेल किंवा गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. चटणीतल्या चिमूटभर दालचिनीची काळजी करू नका.

आता चक्के. माझं माहेर सातारा, सासूबाई जतच्या, घरात निम्मं कानडी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, "चक्के आण गं पावशेर." मी चक्रीफूल आणलं. त्यांनी एक शब्द न बोलता डब्यातून सालीचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे चक्के. लाकडाची चकती उडते ना, तसं." कानडीत चक्के म्हणजे लाकडाची ढलपी, आणि तेच दालचिनीचं नाव. बघा, फारसीत लाकूड, कानडीत ढलपी, संस्कृतात साल. चक्रीफूल, म्हणजे बाद्यान, हे वेगळ्याच झाडाचं चांदणीसारखं फळ आहे. तेव्हापासून आमच्या दोन्ही डब्यांवर चिठ्ठ्या आहेत.

'कॅशिया म्हणजे बहावा ना?' असं एका दादांनी विचारलंय. दादा, वनस्पतिशास्त्रात बहाव्याचं नाव खरंच कॅशिया फिस्टुला आहे. पण मसाल्याच्या पाकिटावरचा कॅशिया म्हणजे ही जाड साल. मिरज रोडला पिवळा फुललेला बहावा दिसला तर त्याची साल काढू नका.

शेवटचा प्रश्न तमालपत्राचा: ते दालचिनीचंच पान का? ते दालचिनीच्या झाडाचं पान नाही, पण तिच्याच वंशातल्या दुसऱ्या झाडाचं आहे. पान उजेडात धरा. (पान धरते.) देठापासून टोकाकडे तीन शिरा जाताना दिसतात? मग ते आपलं तमालपत्र. मधोमध एकच शीर असेल तर ते परदेशी बे लीफ, वास वेगळा, झाड वेगळं. तुमच्या डब्यातलं पान काढा, शिरा मोजा आणि खाली लिहा. मी डंकावर निघाले, माझा नंबर लागलाय.