वाघीण रिकामी कुठे होते?

[पडद्यावर: नाशिकरोड ते ओढा, चालत्या गाडीच्या खिडकीतून]

नाशिकरोड सोडून गाडी मनमाडकडे निघाली की थोड्याच वेळात एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसू लागतात. खिडकीतला प्रवासी मान वर करून त्यांच्याकडे बघतो. काका खाली बघतात. मेन लाइनमधून फुटलेली साइडिंग कुठल्या सांध्यावरून आत वळते, कोळशाचा रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, भरलेला उभा आहे की रिकामा, रुळांमधली खडी कुठे काळी पडली आहे, हे सगळं त्यांना टिपून घ्यायचं असतं. कारण हेच वीज केंद्र त्यांना मॉडेल म्हणून घरी बांधायचं आहे, नाशिकच्या सिडकोतल्या वरच्या मजल्यावर, अकरा फुटी खोलीत.

[पडद्यावर: खोली. भिंतीलगत कमरेइतक्या उंचीचं प्लायवूडचं टेबल, त्यावर रूळ]

काका अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या विभागात होते. मॉडेल रेल्वेचं वेड जुनंच, निवृत्तीनंतर त्याला जागा मिळाली. मापाचं नाव एचओ, म्हणजे १ला ८७. खऱ्या रेल्वेतले ८७ मिलिमीटर इथे एक मिलिमीटर होतात. त्यात आपल्या देशाची एक अडचण आहे. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो, कारण तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर, बेतलेला आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. हिशोबाने रूळ १९ मिलिमीटरच्या वर जायला हवा. तसा रूळ आणि तशी चाकं घरी घडवत बसलं तर कारखान्यापर्यंत पोचणारच नाही, म्हणून काकांनी ही तडजोड पहिल्याच दिवशी मान्य करून टाकली. माझ्या मते शहाणपणा केला.

दुसरी तडजोड लांबीची. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. कोळशाची ती वरून उघडी बॉक्स-एन वाघीण खरी असते १०.७ मीटर. सत्त्याऐंशीने भागलं की १२ सेंटिमीटरहून थोडी जास्त. रेकमध्ये अशा ५८-५९ वाघिणी असतात. अख्खा रेक नुसता उभा करायला सात मीटरहून लांब सरळ रूळ लागेल. खोली सव्वातीन-साडेतीन मीटरची. काकांनी सहा वाघिणींवर भागवलं. चिमणीचंही तेच. दीडशे मीटरची चिमणी या मापात पावणेदोन मीटर होते, पंखा काढून ठेवावा लागेल! त्यांनी ती अंबडमधल्या एका मित्राच्या लेथवर सागाच्या दांड्यातून निमुळती कातून घेतली, निम्म्याहून कमी उंचीची, आणि टेबलाच्या अगदी मागच्या कडेला भिंतीला टेकवून उभी केली. वर लाल-पांढरे पट्टे आहेत, पण दोन्ही रंगांत थोडा करडा मिसळला आहे. लांबची वस्तू धुरकट दिसते, त्यामुळे ती छोटी वाटत नाही, लांब वाटते.

[पडद्यावर: कन्व्हेयरचा सांगाडा, जवळून]

लेआउटवर, म्हणजे टेबलावरच्या छोट्या रेल्वेत, कारखाना मांडताना बहुतेक जण इमारतीपासून सुरुवात करतात. छान कौलं, छान खिडक्या, समोर एक रूळ. गाडी येते, उभी राहते, निघून जाते. तिने काय आणलं, कुठे उतरवलं, काही पत्ता नाही. काकांचा सगळा खटाटोप या एका प्रश्नाभोवती आहे: वाघीण रिकामी कुठे होते?

एकलहऱ्याला २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांच्या पोटात जाणारा कोळसा रेल्वेने येतो, आणि अशा केंद्रात वाघीण रिकामी करतो तो टिप्लर. वाघीण त्याच्यावर आणायची, वरून-बाजूने पकडायची आणि रुळासकट कलंडवायची. कोळसा खालच्या हॉपरमध्ये, तिथून पट्ट्यावर, पट्ट्यावरून क्रशरला, मग यार्डातल्या ढिगावर किंवा थेट बंकरमध्ये, म्हणजे बॉयलरच्या कोळशाच्या कोठीत. काकांच्या टेबलावर या साखळीतली प्रत्येक कडी आहे. बॉयलर मात्र नाही! त्याच्या जागी भिंतीला चिकटवलेला, जेमतेम चार बोटं जाडीचा दर्शनी भाग आहे. गाडी बॉयलरपर्यंत जात नाही, तेव्हा त्याला जागा कशाला द्यायची.

टिप्लरची शेड तयार झाली तेव्हा त्यांनी साइडिंगवर विजेच्या तारा थेट आतपर्यंत ओढल्या होत्या. शेजारचे भाऊ वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते बघायला आले, आणि त्यांनी आधी चष्मा काढून पुसला.

"अहो, टिप्लरवर तार कशाला ओढलीत? वाघीण उलटणार कुठे, तारेत?"

"मग इंजिन आत कसं येतं हो, भाऊ?"

"येतंय कशाला? डिझेल मागून ढकलतं. तार बाहेरच संपते."

काकांनी तिथल्या तिथे पकड घेतली आणि खांब उपटले. आता एक डिझेल शंटिंगला कायम हजर असतं.

[पडद्यावर: डिझेल इंजिन भरलेल्या वाघिणी शेडमध्ये ढकलतं]

आता बघा. भरलेल्या सहा वाघिणी आत गेल्या. मॉडेलमध्ये वाघीण खरोखर कलंडत नाही, आणि कोळसा खरोखर पडला तर तो गिअरमध्ये जाऊन बसेल. मग?

टेबलाच्या मधोमध एमडीएफचं पातळ पार्टिशन उभं आहे, त्यावर आकाश रंगवलेलं. इकडे एकलहरे. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं वणी, कोळशाची खाण. टिप्लरच्या शेडमागे पार्टिशनला भोक आहे. इकडे आत ढकललेल्या भरलेल्या वाघिणी पलीकडे खाणीच्या लोडिंग सायलोखालून, म्हणजे वाघिणी भरायच्या उंच कोठीखालून, बाहेर येतात, भरलेल्याच. शेजारच्या रुळावर उलटा खेळ. खाणीत ढकललेल्या रिकाम्या वाघिणी इकडे टिप्लरमधून रिकाम्या बाहेर पडतात. केंद्रात भरलेलं जातं आणि रिकामं येतं, खाणीत रिकामं जातं आणि भरलेलं येतं. कोळशाचा एक खडाही हलत नाही. ही युक्ती मॉडेल रेल्वेवाल्यांमध्ये जुनी आहे, काकांनी शोधलेली नाही. विदर्भ आणि नाशिक यांच्यामध्ये तीन मिलिमीटरची फळी घालणारे मात्र बहुधा तेच पहिले.

[पडद्यावर: सातपूर, हार्डवेअरचं दुकान]

इमारतींचा मूळ माल सनबोर्ड आणि माउंटबोर्ड. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, कटरने कापतो, फेविकॉलने चिकटतो. बाहेरून येणारे तयार संच चांगले असतात, पण ते जर्मनीतले किंवा अमेरिकेतले कारखाने आहेत. बर्फ घसरून पडावा म्हणून उतरती केलेली छपरं सातपूरला काय करायची?

खरी कसोटी पत्र्याची. खोक्याच्या पुठ्ठ्यातला नागमोडी कागद सोलून पत्रा म्हणून लावायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातल्या बारीक पुठ्ठ्याच्याही दोन लाटांमध्ये तीन मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं. सत्त्याऐंशीने गुणलं तर पत्र्याची एकेक लाट पाव मीटर रुंद झाली, म्हणजे छपरावर नाला. खऱ्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची लाट सुमारे ७६ मिलिमीटरची. एचओमध्ये ती हवी ०.८७.

टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटला. एम-५ बोल्टच्या आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, असते ०.८ मिलिमीटर.

"एम-५ चा थ्रेडेड रॉड द्या."

"किती मीटर देऊ, काका?"

"वीतभर."

दुकानदाराने एकदा रॉडकडे पाहिलं, एकदा काकांकडे. शेवटी अख्खा मीटर घ्यावाच लागला.

[पडद्यावर: काकांचे हात. रबरी माउसपॅड, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावरून फिरणारा रॉड]

स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल दुहेरी घडी करून माउसपॅडवर ठेवायची. रॉड आडवा धरून, दोन्ही टोकांवर सारखा दाब देत, लाटण्यासारखा एकदाच पुढे लोटायचा. मागे यायचं नाही, नाहीतर रेघांवर रेघा पडतात. आटे तिरके असल्यामुळे लाटाही तीनेक अंशांनी तिरक्या उमटतात. म्हणून पट्टी फॉइलच्या कडेला न लावता लाटेला समांतर लावून पत्रे कापायचे, एकेक सुटा. छपरावर बसवतानाही सुटेच, एकाच्या कडेवर दुसऱ्याची कड. अख्खं छप्पर एका तुकड्यात केलं तर ते फॉइलच दिसतं.

रंग हा काकांच्या जिव्हाळ्याचा विषय. नवी कोरी वस्तू जुनी, राबलेली दाखवण्याची कला अमेरिकेतल्या जॉन अ‍ॅलन यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर लोकप्रिय केली. ते १९७३ साली गेले. त्यासाठी लागणाऱ्या पावडरींच्या डब्या परदेशातून मागवता येतात, पण काकांचा गंज येतो भद्रकालीतल्या दुकानातून, गेरू म्हणून. गेरू हे लोखंडाचंच ऑक्साइड, गंजाचा सख्खा भाऊ. काळ्यासाठी काजळी, धुळीसाठी मुलतानी माती.

कुठे काय लावायचं, हे मात्र दुकानात मिळत नाही. सिमेंटचा पत्रा गंजत नाही. दोन पावसाळे गेले की तो शेवाळून काळपट होतो. गंजतो तो पत्रा धरून ठेवणारा जे-बोल्ट. प्रत्येक बोल्टखालून तांबूस ओघळ निघतो, वर ठळक आणि खाली विरत जाणारा. अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही जुन्या शेडवर मान वर करून पाहा. काका ट्रिपल-झीरो ब्रशच्या टोकावर गेरू घेऊन एकेका बोल्टखाली टेकवतात आणि कोरड्या ब्रशने खाली ओढतात. जीआय पत्र्याचा गंज वेगळा, तो खालच्या कडेपासून वर चढतो. हा फरक न पाळता सगळीकडे तपकिरी फासलेले कारखाने मी पाहिले आहेत. ते जुने वाटत नाहीत, मळके वाटतात.

[पडद्यावर: चहाच्या गाळणीतून पडणारी क्रश सँड]

खडीला खर्च शून्य. बांधकामावरची क्रश सँड म्हणजे आपला काळा पाषाणच, दळलेला. खऱ्या रुळाखालची खडीही त्याच दगडाची, त्यामुळे रंग जुळवायची गरज नाही. गाळणीतून खाली पडते ती खडी, वर राहते ते यार्डातले धोंडे. (गाळणी स्वतंत्र आहे. काकूंनी तिला लाल धागा बांधून ठेवला आहे.) पण त्या आधी एक काम: वाळू कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक फिरवायचं. आपल्या या काळ्या पाषाणात, बेसॉल्टमध्ये, लोहचुंबकी खनिज असतं, मॅग्नेटाइट. त्याचे कण उडून इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटले की इंजिन कुरकुरायला लागतं. एका पसाभर वाळूतून चुंबकाला चिकटलेली ही काळी दाढी बघा.

मग रुळांमध्ये खडी पसरायची, ड्रॉपरने पाणी शिंपडायचं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे पाणी गोळा होऊन बसत नाही. शेवटी निम्मं पाणी घातलेलं फेविकॉल. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस जातात.

बाकी सामान पटापट: कंपाउंडची भिंत, तिच्यावर काटेरी तार, गेटपाशी चहाची टपरी, सायकल स्टँड, आवारात छोटं मारुतीचं देऊळ, बाभळी. 'सुरक्षा प्रथम' ही पाटी नातीने संगणकावर छापून दिली, अक्षरं तीळभर. कोथरूडला १९९८ सालापासून जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे अशी गावंच्या गावं पाहायला मिळतात आणि मुलं तासभर हलत नाहीत.

[पडद्यावर: टेबलाचा मोकळा कोपरा, पेन्सिलने आखलेले दोन रूळ]

या कोपऱ्यात मालधक्का होणार आहे, कांद्याचा. कोळशाच्या नेमकं उलट: रिकामा रेक येणार, भरलेला जाणार. त्यासाठी बंद वाघिणी लागतात. सनबोर्ड कापून ठेवला आहे, पण कापण्याआधी काका लासलगावला धक्क्यावर जाऊन आले. हमाल गोणी पाठीवर घेऊन दारातून आत शिरताना किती वाकतो, ते त्यांना पाहायचं होतं. वाघिणीच्या दाराची उंची त्यांच्या वहीत आहे. धक्क्याच्या उंचीवर भाऊंशी अजून वाद चालू आहे.