दातांची तार आणि बिअरचे पिंप : ‘द सिम्पसन्स’चे चौथे पर्व

मित्रहो,

२७ जानेवारी १९९२ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी वॉशिंग्टनमध्ये धार्मिक प्रसारकांच्या अधिवेशनात भाषण केले. अमेरिकी कुटुंबे वॉल्टन कुटुंबासारखी अधिक आणि सिम्पसन कुटुंबासारखी कमी व्हावीत, यासाठी आपण झटत राहू, असे त्यांनी त्या भाषणात सांगितले. वॉल्टन हे १९७०च्या दशकातील एका लोकप्रिय मालिकेतले, महामंदीच्या काळात व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात राहणारे, कष्टाळू आणि सश्रद्ध कुटुंब होते. सिम्पसन हे ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतले, स्प्रिंगफील्ड गावातले कुटुंब : अणुऊर्जा प्रकल्पात नोकरी करणारा होमर, त्याची बायको मार्ज आणि बार्ट, लिसा व मॅगी ही तीन मुले. तीनच दिवसांनी एका जुन्या भागाच्या पुनःप्रक्षेपणाला जोडून सिम्पसन कुटुंबाने याला उत्तर दिले. अध्यक्षांचे ते भाषण आपल्या टीव्हीवर पाहून झाल्यावर थोरला मुलगा बार्ट म्हणतो की आम्हीही वॉल्टनांसारखेच आहोत, मंदी कधी संपते याची प्रार्थना आम्हीही करत आहोत.

त्या उत्तराची दखल बहुतेक वेळा राजकीय चिमटा म्हणून घेतली जाते. मला त्यात पुढच्या पर्वाची किल्ली दिसते. २४ सप्टेंबर १९९२ ते १३ मे १९९३ या काळात फॉक्स वाहिनीवर दाखवले गेलेले २२ भागांचे चौथे पर्व या मालिकेच्या उत्कर्षाचा काळ मानले जाते आणि त्याबद्दल बोलताना लोक त्यातील गाणी, विडंबने आणि विनोदांचा वेग यांचीच आठवण काढतात. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. हे पर्व एका पगारदार कुटुंबाच्या जमाखर्चाचे पर्व आहे. पैसा पुरत नाही, घराचा पाया खचतो, मुलीच्या दातांना तार लावावी लागते, कर्त्या माणसाच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि या प्रत्येक वेळी घरातील माणसे काय सोडतात व काय धरून ठेवतात, यातून या पर्वातला विनोद निर्माण होतो.

हे पर्व तयार कसे झाले, ते आधी थोडक्यात सांगतो. १९८७ साली ट्रेसी उलमन यांच्या कार्यक्रमातील छोट्या चित्रफितींपासून सुरू झालेली ही पात्रे डिसेंबर १९८९मध्ये स्वतंत्र मालिकेत आली. चौथ्या पर्वाची धुरा अल जीन आणि माइक रीस या लेखकद्वयाकडे होती. याच पर्वात अ‍ॅनिमेशनचे काम क्लास्की-चुपो या संस्थेकडून फिल्म रोमनकडे गेले. आधीच्या निर्मितीतून उरलेले दोन भाग सुरुवातीला दाखवले गेले आणि नव्या संस्थेने केलेला पहिला भाग तिसऱ्या क्रमांकावर आला. एक भाग पुरा व्हायला कित्येक महिने लागत. संहिता लिहून झाली की कलाकार ती टेबलाभोवती बसून वाचत, मग ती पुन्हा लिहिली जाई, आवाज ध्वनिमुद्रित होत, कच्ची रेखाटने हलवून पाहिली जात, पुन्हा बदल होत, आणि त्यानंतर रंगीत चित्रांचे प्रचंड काम दक्षिण कोरियात सोलला जाई. संहिता इतक्या वेळा चाळणीतून जात असल्यामुळे सैल वाक्य फारसे उरत नसे. या पर्वातील विनोदांच्या दाटीमागे प्रतिभा आहेच, पण अशी चिकाटीही आहे.

आता ज्या भागासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो. ११ मार्च १९९३ रोजी ‘लास्ट एक्झिट टू स्प्रिंगफील्ड’ हा भाग दाखवला गेला. त्याचे लेखन जे कोगन आणि वॉलेस वोलोडार्स्की यांचे आणि दिग्दर्शन मार्क कर्कलंड यांचे होते. अणुऊर्जा प्रकल्पाचा मालक बर्न्स कामगारांना मिळणारी दंतोपचाराची सवलत काढून घेऊ पाहतो आणि तिच्या बदल्यात त्यांना बिअरचे एक पिंप देऊ करतो. संघटनेच्या सभेत सगळे त्या पिंपाकडे धावतात. होमरही धावतो. त्याच दिवसांत त्याच्या मुलीला, लिसाला, दातांना तार लावावी लागणार असल्याचे दंतवैद्याने सांगितलेले असते. होमरच्या डोक्यात दोन आवाज आळीपाळीने घुमू लागतात. एक आवाज सहकाऱ्याचा, सवलतीला निरोप देणारा. दुसरा बायकोचा, लिसाला तार हवी असल्याचे सांगणारा. हे दोन्ही आवाज पुन्हा पुन्हा येत राहतात, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे होमरच्या ध्यानात यायला प्रेक्षकाची सहनशक्ती संपेपर्यंतचा वेळ लागतो.

हे दृश्य विनोदी का आहे, याचा मी बराच विचार केला आहे. मंदबुद्धी माणसाला साधी बेरीज जमत नाही, एवढ्यावर ते थांबले असते तर ते विसरले गेले असते. तसे झाले नाही, कारण ती बेरीज आपल्यापैकी बहुतेकांना उशिराच जमते. कारखान्यातील वाटाघाटी आणि घरातील मुलीचे दात या दोन गोष्टी वेगवेगळ्या दुनियांत घडतात असे आपण मानतो. कंत्राटातील एक कलम आणि जेवणाच्या टेबलावरील एक वाक्य यांच्यातला धागा ज्या क्षणी होमरला दिसतो, त्या क्षणी तो उभा राहून बोलू लागतो आणि सभा त्याला संघटनेचा अध्यक्ष करते. त्याच्याकडे तत्त्वज्ञान नाही, नेतृत्वाची हौस नाही. मुलीला तार हवी आहे, एवढेच त्याच्याकडे आहे, आणि तेवढे पुरते.

याच भागात एक पूर्वदृश्य आहे. १९०९ साल, बर्न्स लहान मुलगा, त्याच्या आजोबांच्या कारखान्यात हातोड्याने अणू फोडणारे मजूर. अणू चोरल्याच्या आरोपावरून फरफटत नेला जाणारा एक मजूर जाता जाता बजावतो की एक दिवस आम्ही संघटित होऊ, न्याय्य हक्क मिळवू, मग आम्हीच ताळतंत्र सोडू, भ्रष्ट आणि आळशी होऊ, आणि जपानी आम्हाला गिळून टाकतील. अमेरिकी कामगार चळवळीचा एका शतकाचा इतिहास, १९९०च्या सुमारास जपानी उद्योगांविषयी तिथे वाटणाऱ्या धास्तीसह, एका श्वासात सांगून होतो. लेखक संघटनेला देव्हाऱ्यात बसवत नाहीत आणि तरीही तिची बाजू सोडत नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे संप होतो, बर्न्स साऱ्या गावाची वीज तोडतो, आणि अंधारात लिसाच्या गिटारवर कामगार गाऊ लागतात. ते ऐकून बर्न्स नमतो. होमरने अध्यक्षपद सोडावे एवढी एकच अट तो घालतो. होमरला त्याचा इतका आनंद होतो की तो जमिनीवर गरगर फिरू लागतो आणि बर्न्सला कळते की ज्याला आपण कसलेला डावपेची समजत होतो तो तसा मुळीच नव्हता.

या भागाच्या शेजारी १७ डिसेंबर १९९२चा ‘होमर्स ट्रिपल बायपास’ ठेवून पाहावा. इथे होमरला हृदयविकाराचा झटका येतो आणि शस्त्रक्रियेचा खर्च ३० हजार डॉलर असल्याचे कळते. ते ऐकून त्याला पुन्हा झटका येतो आणि खर्च ४० हजारांवर जातो. आरोग्ययोजना कुठे गेली, तर कामगारांनी ती पिनबॉलच्या यंत्राच्या बदल्यात सोडून दिलेली असते. विमा घ्यायला गेलेल्या होमरची सही पुरी व्हायच्या आत तो कोसळतो. शेवटी १२९ डॉलर ९५ सेंटमध्ये कोणतीही शस्त्रक्रिया करून देणाऱ्या डॉक्टर निकच्या हाती तो स्वतःला सोपवतो, आणि त्या डॉक्टरला पुढची शीर कोणती हे प्रेक्षकांच्या सज्जातून आठ वर्षांची लिसा सांगते. पिनबॉलच्या बदल्यात गेलेले आरोग्य आणि बिअरच्या पिंपाच्या बदल्यात जाऊ पाहणारे दात, अशी ही जोडी तीन महिन्यांच्या अंतराने आली. ती ठरवून लिहिली गेली असा माझा दावा नाही. एकाच लेखककक्षातून एकाच वर्षी ती आली, यावरून त्या वर्षी अमेरिकेच्या मनात काय होते ते कळते.

कारण अमेरिकेत आरोग्यविमा नोकरीला बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने वेतनवाढीवर मर्यादा घातली, तेव्हा माणसे टिकवण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी विम्यासारख्या सवलती देऊ केल्या आणि ती तात्पुरती सोय कायमची व्यवस्था झाली. १९६५ साली ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर योजना आली, पण कामकरी वयातील माणूस नोकरी गेली की उपचारांनाही मुकण्याची भीती उरलीच. १९९२च्या निवडणुकीत बुश हरले, २० जानेवारी १९९३ रोजी बिल क्लिंटन अध्यक्ष झाले आणि काही दिवसांतच त्यांनी आरोग्यव्यवस्थेच्या फेररचनेचे काम हिलरी क्लिंटन यांच्याकडे सोपवले. तो प्रयत्न पुढच्या वर्षी कोलमडला. लिसाच्या तारेचा भाग या साऱ्याच्या ऐन मध्यावर आला होता, ही गोष्ट तो भाग पाहताना लक्षात ठेवावी.

इतर भागांत हाच जमाखर्च निरनिराळ्या रूपांत येतो. घराची एक बाजू जमिनीत खचते म्हणून मार्ज नवऱ्याच्याच प्रकल्पात नोकरी धरते. लिसाला स्वतःच्या रूपाबद्दल न्यूनगंड वाटतो म्हणून होमर आपल्या हौसेची एकमेव वस्तू, सोडतीत लागलेले ब्लिंपच्या (फुग्यासारख्या हवाई नौकेच्या) सफरीचे तिकीट, २५० डॉलरला विकून तिची सौंदर्यस्पर्धेची प्रवेश-फी भरतो. या पर्वातील सर्वांत प्रसिद्ध भाग, कोनन ओब्रायन यांनी लिहिलेला आणि १४ जानेवारी १९९३ रोजी आलेला ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’, हा हिशेब घराबाहेर नेऊन गावापुढे ठेवतो. बर्न्सच्या दंडातून गावाला ३० लाख डॉलर मिळतात. मार्ज म्हणते, मुख्य रस्ता दुरुस्त करा. लोकांना ते पटतही असते. तेवढ्यात एक गोडबोल्या विक्रेता गाणे म्हणत मोनोरेल विकून जातो. खड्डे बुजवण्याचे काम डोळ्यांत भरत नाही आणि आकाशातून धावणारी गाडी भरते, हा अनुभव सार्वजनिक पैशाचा विनियोग पाहिलेल्या कोणालाही नवा नाही. या भागातील पाहुण्या भूमिकेसाठी आधी अभिनेते जॉर्ज टकेई यांना विचारले होते. ते लॉस एंजेलिस परिसरातील सार्वजनिक वाहतूक मंडळावर काम केलेले असल्याने त्या सेवेची थट्टा करायला त्यांनी नकार दिला आणि भूमिका लिओनार्ड निमॉय यांच्याकडे गेली. टकेईंचा नकार मला आदरणीय वाटतो, जरी तो भाग सार्वजनिक वाहतुकीच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही.

आपल्यासारख्या मराठी प्रेक्षकाला एका भागापाशी थांबावेच लागते. ८ ऑक्टोबर १९९२च्या ‘होमर द हेरेटिक’मध्ये होमर चर्चला जाणे सोडतो आणि दुकानदार अपूच्या दुकानात गणपतीच्या मूर्तीपुढे शेंगदाणा धरतो. अपू त्याला तसे न करण्याची विनंती करतो. भागाच्या शेवटी होमरचे घर पेटते तेव्हा आग विझवायला अपूही धावून येतो; आणि पाद्री मदतीला आलेल्यांचे धर्म मोजताना ख्रिस्ती, ज्यू अशी नावे घेऊन अपूला ‘किरकोळ’ या रकान्यात ढकलतो. अपू उसळून सांगतो की आम्ही हिंदू ७० कोटी आहोत. हे उत्तर देणारे पात्र लेखकांनी उभे केले, याचे श्रेय मी त्यांना देतो. त्याच वेळी अपूचा आवाज आणि उच्चार हँक अझारिया या गोऱ्या कलाकाराचे होते आणि त्या उच्चाराची नक्कल करून अमेरिकेतील भारतीय वंशाच्या मुलांना वर्गात चिडवले गेले, हेही खरे आहे. भारतीय वंशाचे विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ साली माहितीपट करून ही व्यथा मांडली आणि २०२०मध्ये अझारिया यांनी तो आवाज देणे थांबवले. मूर्तीला शेंगदाणा देऊ पाहणाऱ्या होमरच्या अज्ञानावर मी हसू शकतो, कारण तिथे हसे होमरचे होते. उच्चारावरच्या हसण्यात मात्र मी सामील होऊ शकत नाही.

शेवटी ३ डिसेंबर १९९२च्या ‘लिसाज फर्स्ट वर्ड’विषयी बोलतो. होमर आणि मार्ज मुलांना लिसाच्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगत आहेत. दुसरे मूल येणार, राहते घर अपुरे पडणार, आणि नव्या घरासाठी पैसे नाहीत. होमरचा म्हातारा बाप अ‍ॅब आपले स्वतःचे घर विकून मुलाला पैसे देतो. कृतज्ञ होमर त्याला आपल्याच घरी राहायला बोलावतो. गोष्ट इथवर येताच मुले विचारतात, मग आजोबांना वृद्धाश्रमात किती दिवसांनी पाठवलेत? तीन आठवड्यांनी, असे उत्तर येते आणि सारे कुटुंब खदखदून हसते. ज्या छपराखाली बसून ते हसत असतात ते छप्पर त्या म्हाताऱ्याच्या घराच्या पैशांतून आलेले असते, आणि लेखक याबद्दल एक अक्षरही अधिक बोलत नाहीत. मग रात्र होते. जिने अजून तोंडातून एकही शब्द काढलेला नाही, त्या धाकट्या मॅगीला होमर निजवतो, मुलांनी बोलायला न शिकलेलेच बरे असे पुटपुटतो आणि दार ओढून घेतो. दार बंद झाल्यावर मॅगी तोंडातली चोखणी काढते आणि एलिझाबेथ टेलर यांच्या आवाजात, कोणालाही ऐकू न जाणारा, आपला पहिला शब्द उच्चारते : डॅडी.