विहिरीच्या उपशातले स्फटिक

निपाणीहून चिकोडीकडे जाताना शेतांच्या कडेला विहिरीच्या उपशाचे ढीग लागतात. काळा दगड, मुरूम, माती. जाणारा-येणारा तिकडं ढुंकूनही बघत नाही. बेळगावच्या काही दगडवेड्या मंडळींची डिसेंबरातली सहल मात्र असल्याच ढिगांवर, दगडाच्या पोकळीतले स्फटिक शोधायला जाणार आहे, आणि तिची आखणी आत्तापासून सुरू आहे.

जिल्ह्याचा नकाशा पसरलाय. जायचं कुठं, यावरच पहिला वाद.

"गोकाकला जाऊया की, धबधबा पण बघून होतोय," एकजण म्हणतो. पण घटप्रभा जिथं कोसळते तो कडा वालुकाश्माचा आणि क्वार्टझाइटचा (घट्ट झालेल्या वालुकाश्माचा), आपल्या काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचा. पाण्याखाली साचलेल्या वाळूतून तो घडला. पोकळीतले स्फटिक शोधायला तिथं गेलात तर हात हलवत परत याल. खानापूरकडं भीमगड अभयारण्याचं रान आहे, तिथल्या दगडाला हात लावायचा नाही. वनहद्दीतला दगडही कायद्यानं वनोपजच धरतात. मग राहतो निपाणी-चिकोडीचा पट्टा. दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिणेकडची कड इथून फार लांब नाही.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. शिजत आलेल्या भाताला वर भोकं पडतात ना, तसाच आतला वायू वर आला. पण वरचं कवच तोवर गोठलेलं, त्यामुळं बुडबुडे तिथंच अडकले. पुढं त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि विरघळलेली द्रव्यं भिंतींवर धरत गेली. कुठं आधी कॅल्सेडनीचा, म्हणजे अगदी बारीक कणांच्या क्वार्ट्झचा, पातळ थर आणि त्यावर आतल्या बाजूला टोकं केलेले क्वार्ट्झचे (गारगोटीचे) स्फटिक. कुठं कॅल्साइट, तर कुठं स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी झिओलाइट गटातली खनिजं. पोकळी गच्च भरली की भरीव गोटा. मध्ये जागा उरली की जिओड.

म्हणून ढीग महत्त्वाचा. खाणीतल्या दगडाची खडी करणाऱ्या क्रशरवाल्याला थराच्या पोटातला घट्ट दगड हवा असतो. वरचा भोकाभोकाचा दगड खडीला कमकुवत, तो बाजूला पडतो. आपल्याला नेमका तोच पाहिजे! विहिरीच्या उपशातही हाच शोधायचा.

हा गोटा जवळून बघा. मुठीएवढा, खडबडीत, वर हिरवट लेप. आकाराच्या मानानं हलका लागला तर आत पोकळी असण्याची आशा धरावी. घणाचा घाव घातलात तर लाखो वर्षांच्या कामाचा एका क्षणात चुरा होईल, आणि तो बघवत नाही. गोटा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, छिन्नीनं भोवती एक रेघ आखायची, आणि त्या रेघेवरून गोटा फिरवत फिरवत हलकेच ठोकत राहायचं. आवाज बदलला की हात आवरायचा. आतल्या पांढऱ्या स्फटिकावर चाकूचं टोक ओढून बघा: ओरखडा उठला तर क्वार्ट्झ नव्हे. खनिजांच्या कठीणपणाच्या 1 ते 10 या मापावर क्वार्ट्झ 7, कॅल्साइट 3, आणि चाकू या दोन्हींच्या मधला. घरी आणल्यावर ॲसिडनं धुवायच्या भानगडीत पडू नका, त्यात कॅल्साइट आणि झिओलाइट दोन्ही खराब होतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

हेल्मेट, गॉगल, जाड बूट, पाणी, डबा हे सगळ्यांना ठाऊक आहे. खाणीच्या उभ्या भिंतीखाली कुणी थांबायचं नाही, एवढं मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पावसानं सैल झालेला दगड आवाज न करता सुटतो.

खरी मेहनत परवानगीची. खाणमालकाची वेगळी, शेतकऱ्याची वेगळी. पत्र कानडीत आणि मराठीत, दोन्हींत लिहायचं ठरलंय. "दगुड नेऊन काय करतासा?" असं शेतकरी विचारतोच, आणि त्यानं विचारावंच. अशा वेळी फोडलेला एक जिओड त्याच्या हातात द्यायचा. निपाणी भागात तंबाखू उभी असेल, तेव्हा बांध सोडून कुणाच्या पिकात पाय टाकायचा नाही.

सापडलेला प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि सोबत चिठ्ठी: गाव, तारीख, विहीर की खाण, कुणाला मिळाला. याबाबत ही मंडळी फार कडक आहेत, आणि ते योग्यच आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हन्साइट हे निळंशार खनिज जगभरच्या संग्रहांत वाघोलीच्या नावानिशी मांडलेलं असतं. चिकोडी तालुक्यातल्या एखाद्या गावाचं नावही असं एखाद्या दगडासोबत लिहिलेलं असावं, अशी यांची मनापासूनची इच्छा आहे.

येत्या रविवारी दोघंजण पुढं जाऊन मालकांना भेटतील. सुरुंग कुठल्या वारी लावतात, गाडी कुठं उभी करायची आणि फोडलेल्या जिओडचा एक अर्धा भाग त्यांना हवा आहे का, हे विचारून येतील. तारीख त्यानंतरच पक्की होईल.