पेन ड्राइव्ह रिकामा दिसतोय? झेरॉक्सवाल्याला देण्याआधी हे बघा

(पेन ड्राइव्ह कॅमेऱ्यासमोर धरून)

या पेन ड्राइव्हवर एकच फाइल आहे. खोटं आधार कार्ड, मीच बनवलेलं. आता ते डिलीट करतो. कॉम्प्युटर विचारतोय, कायमचं काढू? हो, काढ बाबा. पेन ड्राइव्हवरचं डिलीट केलेलं सहसा रीसायकल बिनमध्येही जात नाही, म्हणजे विषयच संपला. असं आपल्याला वाटतं.

(स्क्रीन रेकॉर्डिंग)

आता फुकट मिळणारं एक रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवतो. ही बघा, आली फाइल. उघडली पण! फक्त नावातलं पहिलं अक्षर उडालंय.

ते एकच अक्षर का उडालं, यातच सगळी गंमत आहे. हा पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात सगळ्या फाइलींची एक यादी असते. डिलीट म्हटलं की कॉम्प्युटर त्या यादीतल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर एक ठरावीक खूण मारतो, जागा मोकळी झाल्याची नोंद करतो आणि मोकळा होतो. मजकुराला हातसुद्धा लावत नाही. चाळीच्या जिन्याखाली भाडेकरूंच्या नावांची पाटी असते ना? तिच्यावरचं नाव खरवडलं, एवढंच. बिऱ्हाड आतच आहे, कुकरच्या शिट्ट्या होतायत. त्या खोलीत दुसरा भाडेकरू येईपर्यंत पहिला हलत नाही. आणि नवी फाइल खोलीपेक्षा लहान निघाली, तर उरलेल्या कोपऱ्यात जुन्याचं सामान राहू शकतं ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल, एवढं खणत कोण बसतंय? अमेरिकेत एमआयटीचे दोन विद्यार्थी बसले होते. सिम्सन गार्फिंकल आणि अभि शेलत. त्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू स्थितीतल्या डिस्क निघाल्या १२९, आणि त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२! बाकीच्यांतून ५,००० हून जास्त क्रेडिट कार्ड नंबर मिळाले. एक डिस्क तर चक्क एटीएममधली होती, वर्षभराच्या व्यवहारांसकट. म्हणजे बँकवालेही पाटी खरवडून निघून गेले होते.

आता लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क असेल, तर गोष्ट थोडी बरी आहे. तिथे ट्रिम नावाची सोय असते. डिलीट केलं की अमुक जागा आता नको, असं विंडोज एसएसडीला कळवतं आणि एसएसडी आपल्या सवडीने ती साफ करते. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर ही सोय सहसा नसते. आणि आपण कागदपत्रं घेऊन बाहेर फिरतो ती नेमकी त्यांच्यावरच.

झेरॉक्सच्या दुकानातला प्रसंग आठवा. पेन ड्राइव्ह दिला, किंवा फाइल व्हॉट्सॲप केली. ती उतरली दुकानाच्या कॉम्प्युटरवर. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, आणि तो आपण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडून सांगतो! मग ‘दादा, डिलीट करा हं’ म्हणतो. दादा करतातही बिचारे. त्यांचा दोष नाही, पण काय होतं ते आत्ताच पाहिलंत. म्हणून चालणार असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यावर शेवटचे ४ आकडेच दिसतात.

स्वतःचा लॅपटॉप असेल तर पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवायची सोय, चालू ठेवा, मग मागे राहिलेला मजकूर किल्लीशिवाय वाचता येत नाही. जुनी हार्ड डिस्क भंगारात द्यायची असेल तर सरळ ड्रिल मशीन घ्या, आतल्या तबकड्यांना आरपार भोकं पाडा. मला तर त्यात जरा मजाही येते.

आणि हा पेन ड्राइव्ह? फॉरमॅटच्या चौकटीत ‘क्विक फॉरमॅट’समोर खूण असते. ती काढायची. आता विंडोज पाटी तर पुसेलच, शिवाय प्रत्येक खोलीत शून्यं भरेल. वेळ लागतो. तोवर चहा घेऊन येतो.

(कट. हातात रिकामा कप)

झालं. तेच सॉफ्टवेअर, तोच पेन ड्राइव्ह, पुन्हा स्कॅन करतो...

(स्क्रीनवर: सापडलेल्या फाइली, ०)